अध्यक्षस्थानी जावईबापू

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिण्याचं काम आजवर कुणी केलेलं नाही. मी कॉलेजात गेलो हेच गावाला पुष्कळ वाटतं, त्यात वर हे. शिवाय तात्या मंद्रूपकरांसारख्या माणसावर कुणा जाणत्यानं लिहायला हवं होतं. पण जाणती माणसं कामात असतात, आणि मी वाट बघून बघून कंटाळलो. चुकलंमाकलं वाचकांनी पोटात घालावं.

तात्यांची एक सवय सगळ्या सोलापूरला माहीत होती. कुठल्याही इमारतीत शिरायच्या आधी ते दारात थांबत, बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करत आणि विचारत, "कधीची?"

उत्तर समाधानकारक आलं तर आत जात, नाहीतर तिथूनच परत. एकदा त्यांना सणकून ताप भरला होता. मी त्यांना धरून एका डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यात नेलं. दारात त्यांनी तशातही टकटक केली.

"कधीची?"

"मागच्या वर्षीच बांधलाय," कंपाउंडर कौतुकानं म्हणाला.

तात्या तापासकट मागं फिरले. "ज्या भिंतीची ओल अजून उतरली नाही, तिथं माझा ताप काय उतरणार?"

तात्या इतिहासाचे शिक्षक. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण इतिहास निवृत्त झालेला नव्हता. नव्या पेठेत चहाची इतकी दुकानं, तरी ते एका अंधाऱ्या हॉटेलातच जात. कारण ते हॉटेल त्यांच्या मुंजीच्या आधीचं होतं. तिथला चहा गार मिळे, कपाला कान नसत. नव्या हॉटेलांबद्दल विचारलं की हात झटकत म्हणत, "कालचं पोर आहे ते!" माणूस असो, पूल असो, नाहीतर सरकार असो, तात्यांच्या लेखी जवळजवळ सगळं जग कालचं पोर होतं.

भाजीवाल्या बाईला ते म्हणाले, "वांग्याला हा भाव आदिलशाहीतसुद्धा नव्हता."

"मग तिकडंच जावा की तात्या," ती वांगी निवडत म्हणाली. "हितं कशाला आलाव?"

सोलापूरच्या पूर्व भागात नरसम्माच्या घरात आम्ही दोघंही भाडेकरू. नरसम्माचं कुटुंब विणकरांचं, मूळचं तेलुगू. मागच्या शेडात दिवसभर मागांचा खडखडाट चाले. तळाच्या दोन खोल्यांत तात्या आणि त्यांची मुलगी कुसुमताई, आणि जिन्याखालच्या खोलीत मी. पहिल्याच दिवशी तात्यांनी मला विचारलं, "गाव कुठलं?"

"वळसंग."

"तुमच्या गावची वेस कधीची?"

मी घाबरून खरं ते सांगितलं. "ठावं न्हाई. मी जलमलो तवा होती."

तात्या प्रसन्न झाले. "प्रामाणिक उत्तर आहे. पुराव्याच्या पलीकडे बोलत नाही." तेव्हापासून माझं नाव गेलं आणि मी 'वळसंगकर' झालो.

तात्यांच्या पत्नी पाच-सहा वर्षांपूर्वी गेल्या होत्या. घर कुसुमताईच चालवत होती. ती त्यांच्या इतिहासाला मुळीच भीक घालत नसे. "तात्या, कुकर कधीचा ते राहू द्या, शिट्ट्या किती झाल्या ते सांगा," असं ती आतून ओरडे. तात्यांना ते कधीच सांगता येत नसे.

तर या कुसुमताईचं लग्न ठरलं. मुलगा अक्कलकोटचा, श्रीनिवास. शिकून इंजिनिअर झालेला आणि भिलईला नोकरीला. भिलई कुठं आहे ते मी नकाशात पाहिलं तेव्हा माझं बोट नकाशावर बराच वेळ चालत राहिलं. मुलाच्या आईचा नवस होता, म्हणून लग्न अक्कलकोटला लागणार होतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोलापुरात रिसेप्शन द्यायचं, आणि ते मुलीच्या बापानं. रिसेप्शन हा प्रकार आमच्याकडं तेव्हा नवाच होता. विहीणबाईंनी बैठकीतच सांगून टाकलं, "लग्न आमच्याकडं, रिसेप्शन तुमच्याकडं. हॉल चांगला पायजे बघा. मुलाचे सायेब लोक येणार हायेत."

तात्या म्हणाले, "जागेची काळजी नको. जागा ऐतिहासिक असेल."

विहीणबाईंच्या घरात बोलणं कानडीत चाले. त्यांना वाटलं ऐतिहासिक म्हणजे फार महाग. त्या खूश झाल्या.

मग आमची हॉल बघायची मोहीम सुरू झाली. तात्या पुढं, मी मागं, सायकल हातात धरून. सोलापुरातलं एक मंगल कार्यालय आम्ही सोडलं नाही. एका ठिकाणचे व्यवस्थापक मोठे उत्साही होते. त्यांनी आम्हाला पंखे लावून दाखवले, माइक लावून दाखवला, नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या दाखवल्या.

तात्यांनी भिंतीवर टकटक केली. "कधीची?"

"गेल्या दिवाळीत मारलाय. ऑइलपेंट हाय."

"मी रंग नाही विचारला. भिंत विचारली."

"भिंत... असंल की पाच-सात वर्सांची."

"कालचं पोर!" तात्या वळले.

व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतलं. "काय ओ पावणं, लगीन पोरीचं हाय का भिंतीचं?"

दुसऱ्या एका कार्यालयाच्या मालकानं आधीच तात्यांची कीर्ती ऐकली होती. आम्ही दारात पोचलो न पोचलो तोच तो हात जोडून म्हणाला, "तात्या, टकटक करायच्या आदीच सांगतो, आमी नवे हाव. तुमचा येळ जायला नको." एका ठिकाणी जोत्याचे दगड जुने निघाले, तेव्हा मला आशा वाटली. पण तात्यांनी चौकशी केल्यावर कळलं की मालक ते पाडून वर तीन मजले चढवणार आहेत. तात्यांचा चेहरा असा उतरला की मालकानं त्यांना पाणी आणून दिलं.

इकडं पत्रिका छापखान्यात अडकली होती. लग्नाचा मजकूर जुळवून तयार, आणि खाली 'स्वागत समारंभ' या शब्दांपुढं मोकळी जागा. छापखानेवाला रोज निरोप पाठवी. वैशाखातल्या तिथी, चांगले हॉल भराभर जात होते. कुसुमताई तोंडानं काही बोलत नव्हती, पण भाकऱ्या थापताना परात नेहमीपेक्षा जोरानं वाजत होती.

शेवटी विहीणबाई स्वतः अक्कलकोटहून एस. टी.नं आल्या. चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "तात्या, हॉल ठरला का?"

"शोध चालू आहे."

"अय्यो! शोध? हॉल काय हरवलाय का?" त्यांनी पदर खोचला. "हे बगा, येत्या शनिवारपतूर सांगा. न्हाईतर रिसेप्शनपण आमीच करतो अक्कलकोटात. मग लोक म्हणतील, मुलीच्या बापाला एक संध्याकाळ जमली न्हाई. मला बोल लावू नका."

त्या गेल्यावर कुसुमताई पहिल्यांदा बोलली. "तात्या, मला त्या लाल खुर्च्यासुद्धा चालतील. तुमचा इतिहास माझ्या लग्नात नको."

तात्या उठले. टोपी घातली आणि म्हणाले, "वळसंगकर, चला."

मला वाटलं आता लाल खुर्च्या ठरवायला निघालो. पण तात्या मला कापडबाजाराच्या मागच्या एका बोळात घेऊन गेले. तिथं पत्र्याचं मोठं गोदाम होतं. आत सुताचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. हमाल ये-जा करत होते. तात्या दारात थांबले. या वेळी त्यांनी टकटक केली नाही.

"इथं एक धर्मशाळा होती," ते म्हणाले. "आमचं लग्न तिथं झालं. बोहलं साधारण तिकडं, तो तिसरा गठ्ठा आहे ना, तिथं."

मी गठ्ठ्याकडं बघितलं. हमाल म्हणाला, "ओ, वाट सोडा."

आम्ही वाट सोडली. तात्या म्हणाले, "ही गेली, त्या वर्षी मी इथं आलो होतो. घरात बसवेना. म्हटलं, जिथं पहिल्यांदा शेजारी उभे राहिलो तिथं जरा जाऊन उभं राहू. तर हे. दोन तास हिंडलो वळसंगकर, कुठं उभं राहायचं तेच कळेना." थोडा वेळ ते सुताकडं बघत राहिले. "आता कुसुम भिलईला चालली. कार्यालयं काय, आज आहेत, उद्या त्यांचं सिनेमा थेटर होईल. मला एक न हलणारी जागा पाहिजे. मग मी तिथं जाऊन उभा राहीन. कुणाला त्रास नाही."

त्या संध्याकाळी मी कुसुमताईला हे सांगितलं. ती नळावर भांडी घासत होती. भांडं भरून वाहायला लागलं तरी नळ चालूच राहिला. मग तिनं तो बंद केला आणि म्हणाली, "सासूबाईंकडं मी बघते. तू त्यांच्याबरोबर जा. आणि टोपी विसरले तर दे आठवणीनं."

न हलणारी जागा सोलापुरात एकच होती. आमचा भुईकोट. दुसऱ्या दिवशी आम्ही, किल्ला जिच्या ताब्यात होता त्या कचेरीत गेलो. तिथले हेडक्लार्क पान लावत होते.

"किल्ल्यात लग्न लावता येत नाही," ते म्हणाले.

"लग्न नाही. स्वागत समारंभ."

"मांडव घालणार?"

"घालू."

"खड्डा खणता येत नाही. चूल?"

"आचारी आणू."

"जाळ करता येत नाही. बाजा?"

"सनई असेल."

"वाद्य वाजवता येत नाही. भिंतीला खिळा मारता येत नाही, दोरी बांधता येत नाही, पंगत बसवता येत नाही." त्यांनी पान तोंडात घातलं. "वास्तू ऐतिहासिक आहे हो. तिथं काही होऊ द्यायचं नाही, हेच तर आमचं काम."

तात्यांना हे तत्त्व पटलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली. मग हळूच विचारलं, "म्हणजे तिथं काहीच चालत नाही?"

"व्याख्यान चालतं," हेडक्लार्क म्हणाले. "ऐतिहासिक विषयावर. आमचा माणूस हजर राहील."

मी तात्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. अफझलखान वाईला उतरल्याची बातमी शिवाजीमहाराजांना कळली असेल तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली असेल, तीच असावी. तिथंच कागद मागून घेऊन त्यांनी अर्ज लिहिला.

शनिवारी पत्रिका छापून आली. वर गणपती, लग्नाचा मजकूर, आणि खाली: 'व्याख्यान. विषय: सोलापूरचा भुईकोट. स्थळ: तेथेच, बुरुजाखालील गवतावर. वक्ते: श्री. तात्या मंद्रूपकर. अध्यक्ष: चि. श्रीनिवास. प्रमुख पाहुण्या: चि. सौ. कां. कुसुम. तरी श्रोत्यांनी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत.'

पत्रिका घेऊन कुसुमताईच्या मावशी अक्कलकोटला गेल्या. विहीणबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, असं मावशींनी सांगितलं. मग म्हणाल्या, "एनु इदु? हे काय आहे? आमच्यात घोड्याला बांधतात तरी डोक्यावर मांडव असतोय. एंजिनेर मुलगा माझा, त्याला गवतावर बसवून भाषण ऐकवणार?" पण श्रीनिवास म्हणाले, "आई, मी अध्यक्ष आहे. मला गवतावर नाही, खुर्चीवर बसवतील." कुसुमताईनं त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

समारंभाची संध्याकाळ आली. बुरुजाखाली मोकळ्या गवतावर सतरंज्या घातल्या. तात्यांच्या जुन्या शाळेकडून टेबल आणि दोन खुर्च्या आणल्या. तलावावरनं वारा येत होता. बायका शालू नेसून, पुरुष इस्त्रीचे सदरे घालून येत होते आणि दबकत बसत होते, कारण समोर कचेरीचा शिपाई पहिल्याच रांगेत मांडी घालून बसला होता. व्याख्यान होतंय की नाही हे बघायची त्याची नेमणूक होती.

सभेचे सगळे नियम पाळावे लागले. तात्यांच्या एका जुन्या सहशिक्षकांनी उठून सूचना मांडली, "आजच्या सभेचं अध्यक्षस्थान चिरंजीव श्रीनिवास यांनी स्वीकारावं."

अनुमोदन माझ्याकडं होतं. पाठ करून गेलो होतो, पण उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच निघालं, "व्हय, स्वीकारावं." टाळ्या पडल्या. श्रीनिवास सुटाबुटात अध्यक्षस्थानी जाऊन बसले.

मग अध्यक्षांचा सत्कार. प्रमुख पाहुण्यांनी अध्यक्षांना हार घातला. अध्यक्षांनी प्रमुख पाहुण्यांना घातला. शिपाई चुळबुळला.

"अध्यक्ष पाहुण्यांना हार घालत्यात व्हय?" त्यानं मला विचारलं.

"मोठ्या सभांत घालत्यात," मी म्हणालो.

आहेरही 'वक्त्यांना प्रोत्साहन' म्हणून टेबलावर जमा होऊ लागले. स्टीलचे डबे, पितळी समई, एक भिंतीवरचं घड्याळ. नरसम्मानं घरच्या मागावरची चादर आणली होती. शिपायानं समईकडं बोट दाखवून डोळे बारीक केले, तेव्हा तात्यांचे सहशिक्षक म्हणाले, "दीपप्रज्वलन. पण तुमच्या नियमाचा मान राखून आम्ही ती पेटवत नाही." पॉट आइस्क्रीमची गाडी खंदकाच्या अलीकडं, दरवाजाबाहेर उभी होती. श्रोते पाच-सहा जणांच्या टोळीनं 'जरा वारा घेऊन' येत आणि ओठ पुसत परत बसत. शिपाईही दोनदा वारा घेऊन आला.

विहीणबाई पहिल्या रांगेत फुगून बसल्या होत्या. भिलईचे साहेब त्यांच्या शेजारी. ते मात्र टाचण काढत होते.

मग तात्या बोलायला उभे राहिले. पाऊण तास ते बोलले. बहामनी झाली, आदिलशाही झाली, खंदकाची रुंदी झाली, तटाची उंची झाली. पोरं सतरंजीवर झोपली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पेशवाई राहिली का अजून?" पेशवाईही झाली. इंग्रज आले आणि गेले. तात्या आजपर्यंत येऊन पोचले आणि थांबले.

"या किल्ल्यात सुलतान राहिले, बादशहा राहिले," ते म्हणाले. "पण एखाद्या बापानं इथून आपली मुलगी सासरी पाठवल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. म्हणून आज ही नोंद करतो. या बुरुजाखाली, उजव्या हाताला, कुसुम बसली होती. निळ्या साडीत. वारा होता. सारखी पदर सावरत होती." त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. "यापुढचा भाग... यापुढचा भाग अभ्यासक्रमात नाही."

आणि ते खाली बसले.

टाळ्या कधी वाजवायच्या हे कुणाला कळेना. कुसुमताई खुर्चीवर ताठ बसून समोर बघत होती. मग विहीणबाई उठल्या. मला वाटलं आता काय होतंय. त्या तरातरा टेबलापाशी गेल्या, आणि "साकु, साकु, बास झालं आता," असं म्हणत त्यांनी कुसुमताईला उभं केलं. पिशवीतून नारळ, तांदूळ, खण काढला आणि तिथंच, बुरुजाखाली, सुनेची ओटी भरली. हे व्याख्यानात बसण्यासारखं नव्हतंच. शिपायानं तोंड तलावाकडं फिरवलं आणि बराच वेळ तिकडंच ठेवलं.

त्याच आठवड्यात कुसुमताई भिलईला गेली. त्यानंतर संध्याकाळी तात्या टोपी घालून निघत.  एकदा मी सायकलवरून जाताना तटाच्या आत डोकावलो, तर तात्या बुरुजाखाली उजव्या हाताला उभे होते. हात मागं बांधलेले. वर्गात मुलं पेपर लिहीत असताना उभे राहायचे तसे.

पुढं मी बी. ए. झालो आणि परभणीकडं एका शाळेत नोकरी लागली. तात्या गेल्याचा निरोप मला मिळाला तेव्हा त्यांचे दिवसही होऊन गेले होते. शाळेत परीक्षांचे दिवस, रजा मिळाली नाही. यंदा दिवाळीनंतर सोलापूरला आलो, तेव्हा नरसम्माकडं गेलो. तळाच्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड होतं. दोरीवर त्यांचे कपडे वाळत होते.

नरसम्मानं चहा दिला आणि म्हणाली, "कुसुम आली होती की रे दिवाळीला. एवढ्या लांबून, पोरगी कडेवर घेऊन. मी म्हणलं, वर ये अम्मा, आमच्यात रहा. पिशवी ठिवली, तोंड धुतलं न् गेली. डबा पण बांधून घेतला. दुसऱ्या दिवशी पण तसंच. दिवस मावळल्यावर परत. मला काळजी वाटली. म्हणलं, सणासुदीचं लेकरू घेऊन दिवसभर कुटं असतीस? तर हसली. पोरीच्या केसातलं गवत काढत होती. म्हणाली, 'माहेरी.'"